नावामधली मोकळी जागा

गेल्या वर्षीच्या वार्षिकांकात एक चूक झाली होती. ती मुद्रणालयाची नव्हती, संगणक चालवणाऱ्याची नव्हती आणि संपादक सरांची तर नव्हतीच. शेवटची मुद्रिते मी तपासली होती आणि त्यांवर सही माझी होती. ही चूक अद्याप कोणी जाहीरपणे काढलेली नाही, म्हणून माझी मीच काढते.

आपल्या मराठी विभागातून निवृत्त झालेले एक ज्येष्ठ प्राध्यापक त्या वर्षी वारले. त्यांच्यावरचा स्मृतिलेख उजव्या हाताच्या पानावर, वर छायाचित्र आणि खाली मजकूर अशा रीतीने लावला होता. लिहिणारा माझाच वर्गमित्र. त्याने सबंध लेखभर त्यांना नुसते ‘सर’ म्हटले होते आणि पूर्ण नाव राखून ठेवले होते ते शेवटच्या परिच्छेदासाठी. कल्पना चांगली होती. पण पान जिथे संपले तिथे नाव संपले नाही. ‘प्रा.’ आणि दोन आद्याक्षरे पानाच्या तळाशी राहिली. आडनाव गेले पान उलटल्यावर, मागच्या बाजूच्या पहिल्या ओळीत.

मुद्रित वाचताना मला हे दिसले नाही. शुद्धलेखन पाहणाऱ्याला ऱ्हस्व-दीर्घ दिसते, सुटलेला अनुस्वार दिसतो. जागा दिसत नाही. पुढे दिवाळीच्या सुमारास काही निमित्ताने सरांच्या घरी गेले. काकूंनी ते पान अंकातून अलगद काढून चौकटीत बसवले होते. वर सरांचा फोटो, खाली मजकूर, आणि अगदी तळाशी प्रा. अमुक टिंब तमुक टिंब. आडनाव मागच्या बाजूला, भिंतीकडे तोंड करून. काकू म्हणाल्या, ‘‘छान लिहिलंय गं मुलांनी. फक्त यांचं नाव तेवढं पुरं आलं नाही.’’ मी चहा घेतला आणि परत आले.

मित्रहो, हा लेख त्या एका जागेविषयी आहे. कोणाला वाटेल, वार्षिकांकात लिहायला हिला दुसरा विषय सुचला नाही काय? हुंडा आहे, बेकारी आहे, विदर्भाचा अनुशेष आहे. सुचले सगळे. पण त्या विषयांवर लिहिणारे पुष्कळ आहेत आणि या विषयावर माझ्या पाहण्यात कोणी नाही. शिवाय त्या विषयांतल्या चुका माझ्या एकटीच्या नाहीत.

आपल्याकडे माणूस मोठा झाला की त्याचे नाव आक्रसते. लहानपणी विष्णू असतो, मोठेपणी ‘वि.’ होतो. त्यातून आपल्या नागपूर-विदर्भात तर आद्याक्षरांची मांदियाळीच आहे. ग. त्र्यं. माडखोलकर, वा. कृ. चोरघडे, पु. भा. भावे, वि. भि. कोलते. महामहोपाध्याय वासुदेव विष्णू मिराशी यांचे नाव रूढ पद्धतीने लिहायचे तर ‘म. म. वा. वि. मिराशी’ असे होते. चार टिंबे, चार मोकळ्या जागा आणि मग आडनाव. ओळ कुठेही संपली तरी यातल्या कोणत्या ना कोणत्या जागेवर ती तुटण्याचा धोका आहेच. (ग्रेस यांच्यासारखे एकशब्दी नाव घेणारे कवी मुद्रितशोधकावर उपकारच करून गेले म्हणायचे.)

आणि हे नाव तुटते तेव्हा नुसते दिसायला वाईट दिसते असे नव्हे. ‘वि. भि.’ मधले ‘भि.’ म्हणजे भिकाजी, कोलत्यांचे वडील. ओळ ‘वि.’पाशी संपली की मुलगा वरच्या ओळीत आणि वडील व घराणे खालच्या ओळीत. (आम्हा मुलींचे मधले अक्षर लग्नानंतर पुष्कळदा बदलते. तो निराळा लेख होईल.) वाचणाराही अडखळतो. ओळीच्या शेवटी एकटे ‘वि.’ दिसले की क्षणभर ‘विरुद्ध’ वाटते, एकटे ‘ता.’ दिसले तर तारीख की तालुका हे खालची ओळ वाचल्यावरच कळते. ‘रु.’ वर आणि ‘५००’ खाली, ‘इ. स.’ वर आणि ‘१९२३’ खाली, ‘पृ.’ वर आणि आकडा पुढच्या पानावर. आपला कोणताही जुना अंक उघडा, असे नमुने सापडतील.

खरे म्हणजे शब्दांमध्ये जागा सोडणे ही आपल्याकडची फार जुनी रीत नव्हे. जुन्या पोथ्यांत मजकूर सलग असतो. मोडीत तर आधी रेघ ओढायची आणि मग तिला अक्षरे लटकवत जायचे. शब्द कुठे संपला हे वाचणाऱ्याने आपल्या अकलेने ठरवायचे. नागपूरकर भोसल्यांच्या काळचे कागद वाचायला बसणाऱ्याचा अर्धा वेळ या तोडण्यातच जातो. इतवारीतल्या एखाद्या जुन्या पेढीवर महाजनी लिपीचा तो विनोद अजून सांगतात. ‘काकाजी अजमेर गए’ असे पत्र आले आणि घरच्यांनी ते ‘काकाजी आज मर गए’ असे वाचून रडायला सुरुवात केली. त्यात काना-मात्रांचा दोष आहे तसाच जागेचाही आहे.

वि. भि. कोलते यांनी आयुष्यातला केवढा तरी काळ महानुभावांच्या पोथ्यांत घालवला. त्यांनी संपादिलेले ‘लीळाचरित्र’ १९७८ साली राज्याच्या साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केले. अशा संपादकाचे एक मोठे काम म्हणजे सलग धावणाऱ्या अक्षरांत शब्द नेमका कुठे तोडायचा हे ठरवणे. एक जागा चुकीच्या ठिकाणी पडली की अर्थ बदलतो, अर्थ बदलला की पंथाचे मत बदलते. ज्या माणसाने इतरांच्या शब्दांतल्या जागा इतक्या जपून पाडल्या, त्याचे स्वतःचे नाव आपण ओळीच्या टोकाला कसेही तोडतो.

मग जागा आली ती छापखान्याबरोबर, आणि ती आली तेव्हा एक वस्तू होती. महालातल्या एका गल्लीत मुद्रणालय आहे, तिथे आपला अंक काही वर्षे छापला जातो. आता सगळे काम संगणकावर चालते. पण तिथे एक वयस्क काका कटिंग-बाइंडिंग पाहतात. उमेदीत ते खिळे जुळवीत असत. मी या जागेचे रडगाणे ऑपरेटरपुढे गात होते. तो बिचारा म्हणत होता, ‘‘ताई, नाव तुटून राहिलं तर मी काय करू? मशीन तोडून राहिली.’’ तेव्हा कागदाच्या रिमामागून काका म्हणाले, ‘‘आमच्या टायमाले स्पेस हातात धरता येत होती, बाई. आता ते बटनात गेली.’’

त्यांनी मग जे सांगितले ते मी वहीत उतरवून घेतले. शिशाच्या जुळणीत शब्दांमधली जागा म्हणजेही धातूचाच तुकडा. उंचीला खिळ्यापेक्षा कमी, म्हणून त्याला शाई लागत नाही आणि कागदावर तो उमटत नाही. हे तुकडे निरनिराळ्या जाडीचे. टाइपाची उंची जेवढी तेवढा चौरस म्हणजे एम. त्याचा तिसरा हिस्सा ती जाड स्पेस, चौथा हिस्सा मधली, पाचवा हिस्सा बारीक. जुळारी स्टिकमध्ये ओळ लावत जाई आणि शेवटी ओळ थोडी आखूड पडली की बारीक स्पेस काढून जाड घाली, लांब झाली की उलट. ओळ गच्च भरलीच पाहिजे, कारण सैल राहिली तर फर्मा उचलताना खिळे गळून पडतील. म्हणजे दोन्ही कडा सरळ दिसाव्यात ही हौस तर होतीच, पण ओळ भरून काढणे ही त्या धंद्याची गरजही होती. मला हे ठाऊक नव्हते. मला वाटत होते, पुस्तकाला शोभा यावी म्हणून तसे करतात.

‘‘आणि नाव?’’ मी विचारले.

‘‘नाव तोडायचं नाही. आकडा तोडायचा नाही. आद्याक्षरांत बारीक स्पेस टाकायची आन् आडनावाआधी ओळीची असंन ते. ओळीत नाही बसलं तर वरच्या शब्दांत जागा फाकवून सगळं नाव खाली घ्याचं. फोरमननं शिकवलं होतं. एखाद्यानं तोडलं, का प्रूफवाला लाल करून धाडे.’’

मी ग्रंथालयात जाऊन आपले जुने, खिळ्यांवर छापलेले वार्षिकांक काढून पाहिले. नाव तुटलेले अजिबात सापडत नाही असे नाही. एका अंकात ‘पु.’ खाली आणि ‘भा. भावे’ त्याच्याही खाली आहेत. पण एक-दोनच. नंतरच्या, संगणकावर जुळवलेल्या अंकांत मोजायला सुरुवात केली आणि दुसऱ्याच अंकात मोजणे सोडून दिले.

याचा अर्थ यंत्र वाईट आणि शिसे चांगले असा मी काढत नाही. शिशाच्या धुळीत दिवस काढलेल्या माणसासमोर तसे म्हणायची माझी हिंमतही नाही. मुद्दा एवढाच, की जुळाऱ्याला मराठी येत होते आणि संगणकाला येत नाही. संगणकाच्या दृष्टीने मोकळी जागा हेही एक अक्षर आहे, क्रमांक ३२. जिथे ३२ दिसेल तिथे ओळ तोडायला त्याला मुभा. ‘वि.’ नंतरचा ३२ आणि ‘आला.’ नंतरचा ३२ यांत त्याला फरक दिसत नाही. दिसावा कसा? टिंब दोन्हीकडे आहे.

आता गंमत अशी, की ही अडचण संगणकवाल्यांनी फार पूर्वीच ओळखली होती आणि उपायही करून ठेवला होता. १९७७ साली डोनाल्ड क्नूथ या अमेरिकन प्राध्यापकाला आपल्याच ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते आली, ती इतकी कुरूप वाटली की त्याने अक्षरजुळणीची स्वतःची प्रणालीच लिहायला घेतली. तिचे नाव ‘टेक’. (आपण असते तर संपादक मंडळाची बैठक बोलावली असती.) तिच्यात दोन शब्दांमध्ये एक नागमोडी चिन्ह टाकले की तिथे जागा दिसते पण ओळ तुटत नाही. क्नूथने तिला ‘गाठ’ म्हटले आणि आपल्या १९८४ च्या पुस्तकात ती कुठे कुठे मारावी हे बारकाईने सांगितले: पदवी आणि नाव यांच्यामध्ये, ‘प्रकरण’ आणि त्याचा आकडा यांच्यामध्ये. काकांच्या फोरमनने सांगितलेलेच हे.

आपण वापरतो त्या वर्ड प्रोसेसरातही ही गाठ आहे. तिला नॉन-ब्रेकिंग स्पेस म्हणतात. मी तिला अतूट जागा म्हणते. युनिकोडमध्ये तिला स्वतंत्र क्रमांक आहे, दशमानात १६०. वर्डमध्ये आणि लिबरऑफिसमध्ये कंट्रोल व शिफ्ट दाबून स्पेसबार दाबला की ती पडते. दिसायला साध्या जागेसारखीच. पण वर्डमध्ये परिच्छेदाचे ते उलट्या ‘पी’सारखे चिन्ह दाबले की साध्या जागांच्या ठिकाणी ठिपके दिसतात आणि अतूट जागेच्या ठिकाणी लहानसे पोकळ वर्तुळ, उष्णतामानाच्या अंशाच्या खुणेसारखे. व्याकरणाच्या विद्यार्थ्यांना तिचा आणखी एक उपयोग सांगते. नुसती वेलांटी किंवा नुसती मात्रा, अक्षराशिवाय, छापायची असली की संगणक तिच्याखाली ठिपक्यांचे वर्तुळ काढतो. ती मात्रा अतूट जागेवर चढवावी असा युनिकोडचा संकेत आहे. म्हणजे जे आपल्या बाराखडीला एकटे उभे राहू देत नाहीत त्यांनीच टेकायला ही अदृश्य खुंटी दिली आहे.

हे सगळे कळल्यावर मी मोठ्या उत्साहाने यंदाच्या अंकातला एक लेख घेतला आणि त्यातल्या प्रत्येक नावात अतूट जागा भरल्या. छापील कागद हातात आला आणि मन खट्टू झाले. नावे तुटली नव्हती हे खरे. पण ओळीतले बाकीचे शब्द ऐसपैस पसरले होते आणि ‘म. म. वा. वि. मिराशी’ मात्र सकाळच्या आपली बसमधल्या उतारूंसारखे एकमेकांना चिकटून उभे. तीच फाइल ग्रंथालयातल्या दुसऱ्या संगणकावर नव्याने करून पाहिली तर नाव बाकीच्या ओळीइतकेच मोकळे. मी दोन दिवस बुचकळ्यात होते.

कारण पुढे सापडले. दोन्ही कडा सरळ करताना उरलेली जागा शब्दांमध्ये वाटून द्यावी लागते. त्या वाटपात अतूट जागेला हिस्सा द्यायचा की नाही, यावर सगळ्या प्रणालींचे एकमत नाही. मायक्रोसॉफ्ट वर्डच्या २०१० पर्यंतच्या आवृत्त्यांत ती ठरावीक रुंदीची होती. ओळ कितीही ताणली तरी ती ढिम्म. २०१३ च्या आवृत्तीपासून नव्या पद्धतीच्या फाइलींत ती साध्या जागेसारखी ताणली जाऊ लागली. पण फाइल जुन्या, डॉक प्रकारची असेल तर नवे वर्डही तिला जुन्यासारखेच वागवते. आणि माझी फाइल मी जुन्याच प्रकारात ठेवली होती, कारण मुद्रणालयात तीच नीट उघडते असे आम्हाला कोणीतरी कधीतरी सांगितले होते! इनडिझाइन या पाने लावण्याच्या प्रणालीने हा वाद वापरणाऱ्यावरच सोपवला आहे: तिच्यात अतूट जागा दोन आहेत, एक ताणणारी आणि एक न ताणणारी. क्नूथची गाठ ताणणारी आहे.

हा फरक इंग्रजीत फारसा जाणवणार नाही. मराठीत जाणवतो, आणि याचे कारण आपल्या भाषेतच आहे. आपण प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून लिहितो. हिंदीवाला ‘नागपुर के बारे में’ असे चार तुकडे करतो. आपण ‘नागपूरविषयी’ म्हणून मोकळे होतो. ‘विद्यार्थ्यांच्यासाठीसुद्धा’ हा एक शब्द आहे. त्यामुळे दोन स्तंभांच्या पानावर एका ओळीत मराठीचे जेमतेम चार-पाच शब्द मावतात, म्हणजे मोकळ्या जागा तीन-चारच. शिवाय इंग्रजीत अक्षरांमध्येही किंचित फट वाढवून ओळ भरता येते. आपल्याकडे तसे केले की शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. सगळा भार त्या तीन-चार जागांवर.

आता हिशेब करा. समजा ओळ जरा रुंद आहे, तिच्यात सहा जागा आहेत, आणि बारा मिलिमीटर जास्तीची जागा वाटायची आहे. प्रत्येकीला दोन आले. डोळ्यांना कळतही नाही. पण त्या सहांपैकी चार जागा मिराशींच्या नावातल्या असल्या आणि त्या ताणायला तयार नसल्या, तर उरलेल्या दोघींना प्रत्येकी सहा मिलिमीटर. ओळीत दोन भगदाडे पडतात, आणि अशी भगदाडे लागोपाठच्या ओळींत एकाखाली एक आली की पानावरून पांढरा नाला वाहू लागतो.

म्हणून माझे मत असे: दोन्ही कडा सरळ ठेवायच्या असतील तर नावातली अतूट जागा ताणलीच पाहिजे. नाव हे शब्दांचे बनलेले असते; ते ज्या ओळीत आहे त्या ओळीसारखे त्याने श्वास घ्यावा. आकडा आणि त्याचे एकक यांची गोष्ट वेगळी. ‘रु. ५००’ किंवा ‘१२ कि.मी.’ ही एकच वस्तू आहे, तिच्यातली जागा ठरावीक आणि बारीक असलेली बरी. काकांचा नियम, आद्याक्षरांत बारीक आणि आडनावाआधी ओळीची, हा सर्वांत चांगला. पण तो इनडिझाइनमध्ये पाळता येईल, आमच्या वर्डच्या एका कळीत ते दोन्ही मावत नाही.

संपादक मंडळातल्या एका मित्राने सोपा उपाय सुचवला: जागाच नको. ‘वा.वि.मिराशी’ असे सलग लिहा, तुटायचा प्रश्नच नाही. वर्तमानपत्रांत असे सर्रास करतात आणि त्यांच्या घाईत ते चालत असेल. मला ते पटत नाही. नाव मालगाडीच्या डब्यावरच्या आकड्यासारखे दिसते, हे एक. दुसरे म्हणजे शोधायला गेल्यावर सापडत नाही, ‘वा. वि. मिराशी’ असे टाकून शोधणाऱ्याला ‘वा.वि.मिराशी’ मिळेलच याची खात्री नाही. आणि तिसरे, एवढा लांब अखंड शब्द अरुंद स्तंभात आला की आधीची ओळ पुन्हा फाटणार. पोथीतल्या सलग लिहिण्याकडे परत जायचे तर मग सबंध अंकच तसा काढू, म्हणजे परीक्षेपर्यंत वाचायला पुरेल.

आता खरे बोलते. दोन्ही कडा सरळ ठेवण्याचा हा हट्टच मला अनाठायी वाटू लागला आहे. खिळे गळून पडतील ही भीती गेली. टेक किंवा इनडिझाइन सबंध परिच्छेद एकदम पाहून ओळी कुठे तोडायच्या ते ठरवू शकतात. आपला वर्ड प्रोसेसर एकेक ओळ भरत पुढे जातो, मागच्या ओळीचे काय झाले हे तो वळून पाहत नाही. जुने छापखाने ओळीच्या शेवटी छोटी रेघ देऊन लांब शब्द तोडत; ती सोय आपण कधी चालू करत नाही. मग लांब शब्द, अरुंद स्तंभ आणि सरळ कडा या तिन्ही गोष्टी एकत्र नांदणार कशा? दोन स्तंभांच्या पानांवर तरी डावी कड सरळ आणि उजवी मोकळी ठेवावी असा प्रस्ताव मी मंडळापुढे ठेवला. कडा मोकळी असली की अतूट जागा ताणायची की नाही हा वादच उरत नाही; ताणायचे काही नसतेच. प्रस्ताव नामंजूर झाला. ‘‘अंक शिस्तीचा दिसला पाहिजे’’ असे एक सर म्हणाले. मी म्हटले, सर, कवितेच्या पानावर उजवी कड वेडीवाकडीच असते. सर हसले, पण प्रस्ताव नामंजूरच राहिला.

त्याच बैठकीत कोणीतरी म्हणाले की मजकुरात दम असला पाहिजे, जागा कसल्या मोजता. हे वाक्य टाळ्या घेणारे आहे. पण काकूंच्या भिंतीवरच्या त्या पानात मजकूर कमी पडला नव्हता. माझ्या वर्गमित्राने तो मनापासून लिहिला होता आणि काकूंना तो आवडलाही होता. कमी पडली ती एक कळ, जी कोणीतरी दाबायला हवी होती, आणि ते कोणीतरी म्हणजे मुद्रिते पाहणारी मी. ऑपरेटरकडून ही अपेक्षा करू नये. तो दिवसाला लग्नपत्रिका, प्रचारपत्रके आणि तीन महाविद्यालयांचे अंक लावतो; ‘वि.’ हा विष्णू आहे की विरुद्ध हे त्याला कसे कळावे? ते ज्याने लिहिले त्यालाच ठाऊक. म्हणून माझी विनंती लेखकांना आहे, प्राध्यापकांनाही: मजकूर देतानाच नावांत, आकड्यांत ही गाठ मारून द्या. आमचा वेळ वाचेल हा स्वार्थ आहेच.

एक व्यावहारिक सूचना मात्र करून ठेवते, कारण मी त्यात फसले आहे. युनिकोडमध्ये लिहिलेला मजकूर मुद्रणालयात जुन्या फॉन्टांत रूपांतरित करतात. ते फॉन्ट जुन्या पद्धतीचे, २५६ घरांत सगळी मराठी अक्षरे आणि जोडाक्षरे कोंबलेले. तिथे आपली अतूट जागा टिकतेच असे नाही; माझ्या एका लेखात सगळ्या गाठी सुटून साध्या जागा झाल्या होत्या. तेव्हा गाठ मारली म्हणजे काम झाले असे समजू नये. शेवटच्या मुद्रितात प्रत्येक ओळीचे उजवे टोक वरून खाली एकदा नुसते पाहत जावे. वाचायचे नाही, पाहायचे. टिंबावर संपणारी ओळ दिसली की थांबायचे. पानाला अर्धे मिनिट लागते. गेल्या वर्षी मी ते अर्धे मिनिट दिले असते तर हा लेख लिहावा लागला नसता.

सरांचे ते पान मी यंदा पुन्हा लावून घेतले. एकच प्रत, जाड कागदावर, मागची बाजू कोरी. छायाचित्र किंचित लहान केले, त्यामुळे शेवटचा परिच्छेद सबंध त्याच पानावर बसला. नाव एका ओळीत आले. ओळ जरा ताणलेली आहे, दोन ठिकाणी फट जास्त दिसते, पण राहू दिली. काकांनी कापून दिले आणि पैसे घेतले नाहीत. येत्या रविवारी ते घेऊन धंतोलीला जायचे आहे.

आणि या लेखात मी कोलते, मिराशी, माडखोलकर, चोरघडे, भावे यांची नावे ठिकठिकाणी लिहिली आहेत. आद्याक्षरांच्या प्रत्येक ठिकाणी गाठ मारून दिली आहे. छपाईत ती टिकली की सुटली, हे तुम्ही हे पान हातात घेतले असेल तेव्हा मला विचारायची गरज नाही.